ताई मरते तो अंक

माझा भाऊ गेली अठरा वर्षं एकाच माणसाचं चित्र काढतो आहे आणि अजूनही त्याला तो माणूस जमिनीवरून चालताना काढता येत नाही. म्हणून घणाघात उडतो. वाचकांना वाटतं ती घणाघातची शक्ती आहे. ती माझ्या भावाची अडचण आहे. पावलं काढायची म्हटली की त्याच्या हाताला घाम फुटतो, त्यामुळे घणाघात एकतर आकाशात असतो, नाहीतर कमरेपर्यंत धुरात, नाहीतर एखाद्या पडक्या भिंतीमागे उभा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्याकडे अंगणच खोडून टाकलं.

भावाचं घरातलं नाव ढब्बू. बाहेर त्याला सगळे उस्ताद म्हणतात आणि तो म्हणू देतो. मी त्याची मोठी बहीण. ‘घणाघात’ मासिकाच्या कचेरीत मला अक्षरबाई म्हणतात, कारण चित्रांमधल्या फुग्यांतली अक्षरं मी हाताने लिहिते. आमची पद्धत साधी आहे. कोण काय बोलतो ते लेखक कागदावर लिहून देतो, ढब्बू चित्रं काढतो, मालक चित्रं बघून मान डोलावतात आणि मग पानं माझ्या टेबलावर येतात. मी प्रत्येक पानावर पारदर्शक कागद अंथरते, फिक्या पेन्सिलीने रेघा मारते, टाकाने अक्षरं लिहिते, त्यांच्याभोवती फुगा काढते आणि फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळवते. मनातलं बोलणं असेल तर फुगा ढगासारखा. माझ्यानंतर त्या पानाला हात लागतो तो थेट छापखान्याचा. शुद्धलेखन मीच तपासते, कारण कचेरीत दुसऱ्या कोणाला ते येत नाही. लेखकाला तर मुळीच नाही.

लेखक म्हणजे उंटावरचा शहाणा. भर उकाड्यात गळ्यात मफलर घालून येतो. त्याच्या मते घणाघात हे आधुनिक माणसाच्या एकटेपणाचं प्रतीक आहे. माझ्या मते घणाघात हे घट्ट चड्डीचं प्रतीक आहे. दिवसा हा बलदंड माणूस पाणीपुरवठा खात्यात कारकून असतो, संध्याकाळी झगा चढवून शहर वाचवतो. आणि ते शहरही असं निर्लज्ज की एकदा वाचवलं तर महिनाभर गप्प बसावं की नाही? नाही. पुढच्या अंकाला पुन्हा बुडायला तयार.

ह्या घणाघातला घरी एक मोठी बहीण आहे. ताई. पहिल्या पानावर ती त्याच्यामागे दार लावून घेते आणि शेवटच्या पानावर दार उघडते. मधल्या बावीस पानांत ती कुठे असते ते कोणालाच ठाऊक नाही, लेखकाला तर त्याहून नाही. चेहरा मात्र माझा आहे. माझा चष्मा, माझा अंबाडा, डाव्या भुवईवरचा माझा तीळ. पहिल्या अंकाच्या वेळी ढब्बूने न विचारता उचलला. तो मला ताई म्हणतो, तो शब्दही उचलला. मालक म्हणाले, घरचंच माणूस, परवानगी कसली.

आणि तिचं बोलणं? लेखकाच्या कागदावर घणाघातची दोन-दोन पानं भाषणं असतात. ताईच्या नावापुढे अठरा वर्षं एकच शब्द येतो. ‘ताई: नेहमीचं.’

हे नेहमीचं मी लिहायचं. मग मी लिहायची. ‘आलास? गार झालं रे सगळं.’ ‘माझं काय मेलं, मी आपली बसले वाट बघत.’ ‘तू सुखरूप आलास, मला दुसरं काय हवं?’ वाचकांना असली बाई आवडते. दार उघडणारी, उसासे टाकणारी, स्वतःसाठी काही न मागणारी. मी लिहायची आणि मनातल्या मनात हसायची, की घ्या, चाटा. पण वर्षं गेली तसं ते हसणं कमी झालं. दोनशे अकरा अंक झाले. जगात बाकी जे काही मी केलं ते कोणीही केलं असतं. ताईचे शब्द मात्र माझे होते, बरे होते का वाईट ते सोडा. माझ्या टेबलापासून ढब्बूचं टेबल चार हातांवर आहे. सगळं त्याच्या डोळ्यांदेखतच चालायचं.

मग पत्रं यायला लागली. कुठल्याशा शाळेतल्या मुलीने आधी विचारलं की ताई दिवसभर काय करते. तिचं पत्र छापलं गेलं, आणि मग एकीचं बघून दुसरीने लिहावं तशी पंचवीस-तीस आली. ताईचं लग्न का झालं नाही? ताईला ठाऊक आहे का, की घणाघात म्हणजे तिचा भाऊच? ताईला उडता येतं का? मालकांनी पत्रांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि बैठक बोलावली. मी कोपऱ्यात रेघा मारत बसले होते. मला बैठकीला बोलावत नाहीत, पण खोली एकच असल्यामुळे हाकलूनही देता येत नाही.

“दोनशे बारावा अंक ताईवर,” मालक म्हणाले. “मुखपृष्ठावर ताई. बोला, काय गोष्ट आहे?”

लेखकाने मफलर सारखा केला. “ताईवर? पण तिच्यात आहे काय? ती घरी असते.”

“लोक तेच विचारतायत ना, घरी काय करते.”

“वाट बघते.”

“चोवीस पानं वाट बघणार?”

लेखक खिडकीबाहेर बघायला लागला. एवढा साहित्यिक, पण एका बाईला सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात ठेवायचं म्हटल्यावर त्याची अक्कल गहाण पडली. आणि तेव्हा ढब्बू बोलला. हा माणूस बैठकीत कधी तोंड उघडत नाही. बिस्किटं खातो आणि निघून जातो. अठरा वर्षांत पहिल्यांदा बोलला आणि काय बोलला?

“मारून टाकू या तिला.”

लेखकाने टुणकन उडीच मारली. “वा, उस्ताद! काळतोंड्या नेम चुकवतो, किरण खिडकीतून आत येतो, ताई खलास! घणाघात पहिल्यांदा रडतो! सूड!”

काळतोंड्या हा आमचा खलनायक. तोही कमरेच्या खाली कधी दिसलेला नाही.

मला राहवलं नाही. “बाईला जगवायचं म्हटलं तर तासभर कोणाला काही सुचेना, मारायचं म्हटल्यावर लगेच सुचलं,” मी म्हणाले.

“अक्षरबाई, तुम्ही अक्षरं बघा,” मालक म्हणाले. “आणि रक्त नको हं. मुलांचं मासिक आहे.”

ढब्बूने माझ्याकडे बघितलं नाही. बशीतलं शेवटचं बिस्किट घेतलं आणि आपल्या टेबलाशी गेला.

चार दिवसांनी त्याची फजिती झाली. ताईला त्याने नेहमी उभीच काढलेली, दारात, ताट किंवा टॉवेल हातात, आणि खालचा भाग फुग्याने झाकलेला. ती बसते कशी, आडवी होते कशी, हे ह्या उस्तादाला माहीतच नव्हतं. दुपारी त्याने मला हाक मारली.

“ताई, जरा येतेस का इकडे?”

“का?”

“त्या दिवाणावर पड ना जरा. मेल्यासारखी.”

कचेरीत एक दिवाण आहे, मालक त्यावर दुपारचे घोरतात. त्याच्या उशीला तेलाचा वास येतो. मी त्यावर पडले. का पडले ते विचारू नका. धाकट्या भावाने काही मागितलं की हातपाय आधी हलतात आणि डोकं मागून येतं, ही सवय मला कधी मोडता आली नाही.

“चष्मा काढ.”

“मेलेली माणसं चष्मा काढून ठेवतात का रे?”

“शांत दिसतं. आणि हात असा. नाही, असा नको, जिवंत वाटतोय. श्वास हळू घे.”

“बंदच करू का?”

“बोलू नकोस गं, ओठ हलतात.”

मी डोळे मिटून पडले. पेन्सिल कागदावर खरखरत होती. सहा वर्षांचा असताना मी त्याच्या हातात पहिल्यांदा पेन्सिल दिली तेव्हाही तो असाच दाबून काढायचा, टोकं मोडायचा. बराच वेळ गेला. मग तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, “बरं होईल. सुटशील एकदाची.”

“कशातून?”

“ह्यातून.”

मी एक डोळा उघडला. त्याने पेन्सिलीने दाखवलं होतं ते माझ्या टेबलाकडे. माझ्या टाकांची बरणी, माझी पट्टी, माझा दिवा. मला सगळं लख्ख दिसलं. मालक दोन वर्षं घोकत होते की आता अक्षरं यंत्रावर घेऊ. म्हणजे ठरलं होतं. ताईला मारायचं, आणि तिच्याबरोबर अक्षरबाईलाही घरी पाठवायचं. आणि हे तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून हा शूर भाऊ माझ्या निरोपाचं चित्र काढत होता, आणि त्यासाठी मलाच आडवं पाडलं होतं! मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला, इतका की पायांची बोटं आखडली. ती त्याने काढली नाहीत, अर्थात. पायांवर चादर घातली.

आठवड्याभराने चोवीस पानं माझ्या टेबलावर आली. मालकांनी मान डोलावलेली, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांची बरोबरची खूण. मी पानं क्रमाने लावली. पहिल्या पानावर ताई खिडकीत उभी. दोन ते तेरा, बारा पानं, घणाघात आणि काळतोंड्या छपरांवरून हाणामारी करतात. ताईच्या अंकात! चौदाव्या पानावर किरण खिडकीतून आत येतो, ताई दिवाणावर कोसळते. पंधरा ते एकवीस घणाघात रडतो. सात पानं. त्याला रडताना काढणं सोपं, तोंड हातांनी झाकता येतं. बावीस-तेवीस तो मुठी आवळून आकाशात. चोविसाव्या पानावर रिकामा दिवाण आणि उघडं दार. तिला नेलं असं त्यातून समजून घ्यायचं. माणसांची गर्दी काढावी लागली असती, ती ढब्बूला येत नाही.

चित्रातली ताई मी होते. डोळे मिटलेले, चष्मा नाही, हात छातीवर. अंगावर एक ओरखडा नाही. चेहऱ्यावर मात्र मला ओळखू येईल असा भाव होता. ढब्बूने शांतपणा काढायला घेतला होता आणि त्याच्या नकळत दुसरंच उतरलं होतं. दात आवळून पडलेली बाई दिसत होती ती.

मग मी लेखकाचा कागद उघडला. घणाघातचे फुगे ठासून भरलेले. ‘ताई, डोळे उघड!’ ‘ताई, मी ह्या शहराला वाचवलं पण तुला वाचवू शकलो नाही!’ असं पानोपान. आणि ताईच्या नावापुढे काय असावं? पहिल्या पानावर, ‘ताई: नेहमीचं.’ चौदाव्या पानावर किरण लागतो तिथे, ‘ताई: नेहमीचं.’ आणि पंधराव्या पानावर, तिच्या शेवटच्या श्वासाला, कंसात ‘मरताना’ असं लिहून, पुढे पुन्हा, ‘नेहमीचं.’

मी तो कागद तीन वेळा वाचला. मग टाक धुतला, नवं टोक बसवलं आणि कामाला लागले.

एक सांगते, घणाघातच्या एका अक्षरालाही मी हात लावला नाही. लेखकाने लिहिलं तसंच्या तसं लिहिलं, त्याच्या चुका तेवढ्या दुरुस्त केल्या. ताईचं नेहमीचं माझ्याकडे सोपवलेलं होतं. ते मी लिहिलं. आणि ती एकतर एकटी होती नाहीतर डोळे मिटून, म्हणून तिचे फुगे ढगांचे काढले.

पहिल्या पानावर खिडकीतली ताई मनात म्हणाली, ‘आज लवकर टळला. आता जरा पडते.’

चौदाव्या पानावर, किरण आला तेव्हा, ‘आलं का हे घरापर्यंत! थोडक्यात वाचले. हा येईल आता धावत. झोपेचं सोंग घ्यावं हे बरं.’

मग पंधरावं पान. घणाघात ओरडतो, ‘ताई, डोळे उघड!’ आणि ताईचा ढग, ‘उघडले तर बोलावं लागेल.’

‘मी शहराला वाचवलं पण तुला वाचवू शकलो नाही!’

‘मला काय झालंय ते आधी बघ तरी.’

‘तुला कधीच कळलं नाही ताई, मीच घणाघात आहे!’

‘अठरा वर्षं हा झगा कोण धुतंय मग? खांद्याला दोनदा ठिगळ लावलंय.’

‘तुझ्या रक्ताच्या थेंबाथेंबाचा मी सूड घेईन!’

‘रक्त कुठे दिसलं ह्याला?’

‘तू फक्त माझ्यासाठी जगलीस!’

‘हे कोणी सांगितलं ह्याला?’

असं एकविसाव्या पानापर्यंत. तो आकाशात गेल्यावर, बाविसाव्या पानाच्या खाली कोपऱ्यात दिवाणाचा एक छोटा चौकोन होता. तिथे लिहिलं, ‘गेला. एवढा पहाड उचलणारा, पण बहिणीची नाडी बघायचं सुचलं नाही.’ आणि चोविसाव्या पानावर, रिकाम्या दिवाणावर, मी पहिल्यांदा साधा फुगा काढला, मोठ्याने बोललेला. त्याची शेपटी उघड्या दारातून बाहेर नेली. ‘मी निघाले. माझी वाट बघू नकोस.’

अक्षरं वाळली. इतकी सरळ, इतकी एकसारखी अक्षरं मी आधी कधी लिहिली नव्हती. पानं पाकिटात घातली आणि स्वतः छापखान्यात नेऊन दिली. कोणी वाचलं नाही. वाचणार कोण? आमच्याकडे सगळ्यांची पक्की समजूत आहे की गोष्ट चित्रात असते आणि अक्षरं ही फुगे रिकामे दिसू नयेत म्हणून असतात.

अंक बाहेर पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला. त्यांच्या नातीने त्यांना अंक वाचून दाखवला होता. ती हसून हसून खाटेवरून पडली म्हणे.

“अक्षरबाई, तुम्ही ध चा मा केलात!”

“घणाघातचं एक अक्षर बदललेलं नाही, मालक. लेखकाचा कागद काढा आणि ताडून बघा.”

“पण ताई जिवंत आहे!”

“ती मेली असं शब्दांत कुठे होतं? ‘मरताना’ एवढंच होतं, तेही कंसात. पुढे नेहमीचं. ती नेहमी जिवंतच असते.”

पलीकडे नुसतं फुसफुसणं ऐकू आलं. मग म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.”

“बरं,” मी म्हणाले. माझी बरणी तिथेच राहिली होती, ती मागायची विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढब्बू आला. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, दोन खोल्या. ज्याने अठरा वर्षं माणसं उडवली त्याला तीन जिने चढून धाप लागली होती. हातात अंकाची सुरळी. मी पाणी दिलं नाही. त्याने स्वतः घेतलं.

“काय केलंस हे?”

“वाचलंस?”

“मालकांनी सांगितलं सगळं.”

“म्हणजे वाचलं नाहीस.”

“चित्रं माझीच आहेत, ताई. मला काय वाचायचंय त्यात?”

ह्या वाक्यासाठी मी त्याला तिथल्या तिथे जिन्यावरून ढकललं असतं. “बस,” मी म्हणाले. “पहिल्या पानापासून वाच. मोठ्याने.”

तो बसला. अजूनही माझ्या आवाजात तेवढी धार आहे. त्याने वाचायला सुरुवात केली, शाळेतल्यासारखं, अक्षरांखाली बोट धरून. घणाघातची भाषणं वाचताना अडखळत होता. मला वाटतं तीही तो पहिल्यांदाच वाचत होता. हाणामारीची बारा पानं कशीबशी गेली. पंधराव्या पानावर ताईचा पहिला ढग त्याने वाचला आणि थांबला. पुन्हा वाचला. ठिगळाशी आला तेव्हा नाकातून फुस्स करून हसला, आणि हसलो म्हणून स्वतःवरच चिडल्यासारखं पान उलटलं. पुढचे ढग त्याने हळू वाचले. ‘हे कोणी सांगितलं ह्याला?’ हे वाचताना त्याचा आवाज माझ्यासारखा झाला. शेवटच्या पानापर्यंत पोचला आणि तिथे बराच वेळ राहिला.

मी तयार होते. चिडला तर काय बोलायचं, रडला तर काय बोलायचं, मालकांची बाजू घेतली तर काय, सगळं जिभेवर होतं. अठरा वर्षांची साठवण होती ती.

“हे लेखकाने लिहिलेलं नाही,” तो म्हणाला.

“त्याच्या सात पिढ्यांना जमेल का? मी लिहिलं.”

“हा अंक?”

“सगळे अंक. ताईचा शब्द न् शब्द. तुला काय नवीन आहे त्यात?”

त्याने मान वर केली. “आधीचे पण? ते ‘माझं काय मेलं, मी आपली बसले वाट बघत’? ते तू लिहिलंस?”

“मग कोणी?”

“मला वाटायचं लेखक लिहितो. तू उतरवून काढतेस.”

“चार हातांवर बसतोस, ढब्बू.”

“तू खाली मान घालून लिहीत असायचीस. मला काय कळणार, शब्द कुठून येतात?” त्याने अंक गुडघ्यावर सपाट केला. “मला वाटायचं तो तुझी टर उडवतो.”

“कोण?”

“लेखक. पहिल्या अंकात मी तुझा चेहरा काढला, का माहितीये? म्हटलं, ह्याच्या घरात एक तरी माणूस असावं ज्याला हा जरा टरकेल. आणि मग त्या फुग्यांतून ते यायला लागलं. गार झालं रे सगळं. मला दुसरं काय हवं. तू कधी असं बोललीस मला? तू कधी माझी वाट बघितलीस? आपण एकत्र राहायचो तेव्हा तू जेवून झोपून जायचीस. मी उशिरा आलो तर चिठ्ठी असायची, भांडी घासून ठेव. तुझं तोंड, आणि त्यातून हे असलं रडगाणं, दर महिन्याला. मला लाज वाटायची. मालकांना सांगायची छाती नव्हती माझी. मग ते विशेषांकाचं निघालं, म्हटलं मारूनच टाकू तिला. तू सुटशील.”

मी ज्या सुटकेसाठी त्याच्यावर दात खाल्ले होते ती ही. तो मला कचेरीतून काढत नव्हता. ज्या बाईने माझा चेहरा लावून अठरा वर्षं उसासे टाकले, तिच्या तावडीतून तो मला सोडवत होता. आणि ती बाई दुसऱ्या कोणी नव्हे, मी लिहिली होती, दर महिन्याला, सुबक अक्षरात, शुद्धलेखन तपासून. गाढव आहे तो. न विचारता चेहरा घेतो, न विचारता मारतो, बहिणीला साधं विचारत नाही की बाई, हे कोण लिहितं. पण मी घरात कशी बोलते ते त्याला ठाऊक होतं. ते त्याच्या इतकं पक्कं लक्षात होतं की खोटं लगेच ओळखू आलं. मला ते ओळखू आलं नव्हतं. जिभेवर साठवलेलं मी शोधायला गेले तर त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नव्हतं.

ढब्बूने पंधरावं पान पुन्हा उघडलं आणि ढगावर बोट ठेवलं.

“ही तू आहेस,” तो म्हणाला. “ही मला ओळखू येते. मग इतकी वर्षं ती दुसरी बाई कोण होती गं?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, दोनशे बारा अंक माझ्या हाताखालून गेलेले. मला सांगता आलं नाही.